थोरलीचं भांडण

"मागच्या वेळची इंजेक्शनं तुम्ही ठेवत कुठं होतात?" डॉक्टरीणबाईंनी फायलीतून डोकं वर न काढताच विचारलं.

विचारण्यात काही खोच नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला मिळालं नसावं असा चेहरा. पण हा प्रश्न कधीतरी कुणीतरी विचारणार, या धास्तीत थोरलीने दहा-अकरा वर्षं काढली होती, आणि आज खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच तो समोर आला.

उत्तर तिच्या नवऱ्याने दिलं. "फ्रिजमध्ये. आणि त्याची तुम्ही काळजीच करू नका. आमची ही कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. थंडीतलं हिला कुणी काही शिकवायचं नाही."

हे तो छाती फुगवून म्हणाला. थोरलीला मात्र खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

नवऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. खरं तर त्याने बसचं स्टिअरिंग सोडूनही बरीच वर्षं झाली होती. आता तो डेपोच्या खिडकीत बसून दुसऱ्या ड्रायव्हरांना गाड्या वाटून द्यायचा. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. दुखण्याचंही तसंच झालं होतं. लहानपणी त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला एकदमच ताप आला, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने एकाच सुईने दोघांना टोचलं. त्या सुईतून हेपेटायटिस सी नावाची चिवट कावीळ दोघांच्या रक्तात शिरली आणि कुणाला पत्ता लागू न देता तिथेच मुक्काम ठोकून राहिली. पुढे डेपोत रक्तदान करायला गेला तेव्हा ड्रायव्हरची पकडली गेली. मग धाकट्याचं रक्त तपासलं, तर त्याच्याही पोटात तेच बिऱ्हाड.

दोघांवर उपचार बरोबरच सुरू झाले. एकच डॉक्टर, एकच इंजेक्शन, आठवड्यातून एकदा. टोचलं की रात्रभर हुडहुडी, अंगदुखी, केसांचे पुंजके उशीवर. धाकट्याचं रक्त पहिल्याच महिन्यात साफ झालं. ड्रायव्हरची इंजेक्शनं सहा महिने चालली, आणि शेवटी रिपोर्ट आला तो असा, की विषाणू होता तिथेच होता, जणू त्याला कुणी हातही लावला नव्हता. इंजेक्शनं बंद झाली.

धाकट्याची बायको, म्हणजे थोरलीची जाऊ, मनाने वाईट नव्हती, पण तिच्या मनातलं ओठांवर यायला वेळ लागत नसे. "औषध एक, डॉक्टर एक," ती म्हणाली होती, "आमचे बरे झाले. मग मोठ्या भाऊजींचंच कुठं बिनसलं?" सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी थोरल्या मुलाला जवळ बसवून हळूच विचारलं, "पितोस का रे? ड्रायव्हर लोक पितात म्हणे." तो कधी थेंबाला शिवला नव्हता. पण त्याने नुसती मान हलवली आणि उठून बाहेर गेला. सासूबाईंची खात्री शेवटपर्यंत पटली नाही.

थोरली तेव्हा तिथेच उभी होती, आणि तोंडात मूग धरून उभी राहिली. कुठं बिनसलं हे तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात एकदा बिल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज दोन दिवस तरी येणार नाही म्हणाले. फ्रिजमध्ये महिन्याची चार इंजेक्शनं होती आणि ती उन्हाने नासली असती. दुसऱ्या कुणी शेजाऱ्याचा फ्रिज मागितला असता. पण थोरलीच्या हाताखाली खोल्याच्या खोल्या गार होत्या. ती डबा घेऊन कामावर गेली आणि तीन नंबरच्या खोलीत, सफरचंदांच्या मागे, भिंतीतल्या फळीवर ठेवून आली. तीन नंबर फळांची खोली. घरच्या फ्रिजइतकीच गार, त्याहून कमी नाही, जास्त नाही. औषधाला याहून चांगली जागा शहरात नव्हती.

दुपारी सुपरवायझर येऊन सांगून गेला, "मावशी, तीन नंबर रिकामी करायची. संध्याकाळी मटार येतोय, खोलीचं तापमान खाली उतरवणार." थोरली तेव्हा एका ट्रकवाल्याशी भांडत होती. त्याने फुटके क्रेट चांगल्या क्रेटांखाली दडवून आणले होते, आणि थोरलीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की तिला मागचंपुढचं ऐकू येत नसे. "हो हो," ती म्हणाली आणि पुन्हा ट्रकवाल्याकडे वळली. हमालांनी सफरचंदं हलवली. फळीवरचा डबा कुणाला दिसला नाही. रात्री खोली मटारासाठी उतरवली ती थेट बर्फाच्या कितीतरी खाली.

सकाळी तिने डबा उघडला तेव्हा चारही इंजेक्शनं गारगोटीसारखी घट्ट झाली होती. गोठवू नये, असं डब्यावर छापलेलंच होतं. नवी मागवायची तर मध्ये खंड पडणार, आणि खंड पडला तर सगळंच पाण्यात असं त्या वेळच्या डॉक्टरांनी चारचारदा बजावलं होतं. तिने ती तळहातात धरून वितळवली. मग दर सुट्टीच्या दिवशी एक, अशी महिनाभर नवऱ्याच्या मांडीत टोचली. तो विश्वासाने पाय पुढे करायचा.

तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त एक केलं, घरात भांडायचं सोडलं. या तोंडानेच घात केला, असं तिने स्वतःला सांगितलं. त्याआधी तिची भांडणं बिल्डिंगभर प्रसिद्ध होती. नवऱ्याने दारातच बूट काढले की तिचा आवाज लागायचा आणि वरच्या मजल्यावरचे लोक टीव्ही बारीक करायचे. ड्रायव्हरही काही कमी नव्हता, तोडीस तोड उत्तर द्यायचा, आणि तासाभराने दोघं शेजारी बसून हसत जेवायचे. ते सगळं बंद झालं. कामावर ट्रकवाल्यांशी गोड बोलून भागत नाही, तिथे ती होती तशीच राहिली. घरी मात्र लोण्याहून मऊ. तो म्हणेल ती पूर्व.

"वहिनी कित्ती बदलल्या," धाकटा कौतुकाने म्हणायचा. ड्रायव्हर त्यावर काही बोलत नसे.

आता डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. "तुमच्या भावाला घेऊन याल का? मला दोघांचं थोडं रक्त हवंय. सख्खे भाऊ, विषाणू एकाच सुईतून आलेला, औषध एकच, आणि निकाल उलटे. आम्ही अशाच जुन्या पेशंटांचा अभ्यास करतोय. आणि काका, आता नव्या गोळ्या आल्यात, त्या सुरू करू."

"माझ्या अंगाला औषध लागत नाही हो," ड्रायव्हर म्हणाला. "भाऊ पास झाला, मी नापास. पुन्हा परीक्षेला कशाला बसवता?"

"बसा की," थोरली हळू आवाजात म्हणाली. "माझ्यासाठी बसा."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हो म्हटलं.

काही दिवसांनी चौघंही निकालाला गेली. धाकटा वाटेत उगाच विनोद करत होता. भावाच्या आधी आपण बरं झाल्याचा त्याला सदाचा संकोच, आणि संकोच वाटला की त्याची बडबड वाढायची. डॉक्टरीणबाईंनी चौघांना बसवलं. दोनच खुर्च्या होत्या, म्हणून दोघी जावा तपासणीच्या पलंगाच्या काठावर टेकल्या.

"ती जुनी इंजेक्शनं विषाणूला थेट मारत नव्हती," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "ती तुमच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना हाक मारायची, उठा, चोर शिरलाय. आता ही हाक कुणाच्या शरीराला चटकन ऐकू जाते, कुणाच्या जात नाही. ते जन्मतःच ठरलेलं असतं. एक हिस्सा आईकडून येतो, एक वडिलांकडून. तुमच्या आईवडिलांकडे दोन्ही तऱ्हेचे हिस्से होते. धाकट्यांच्या वाट्याला दोघांकडूनही चांगला आला. थोरल्यांच्या वाट्याला दोघांकडूनही दुसरा."

"म्हणजे वाटणीत मी फसलो," ड्रायव्हर म्हणाला.

"वाटणी कुणीच केली नाही काका. डोळे घारे की काळे, तसंच हे. तुमच्यासारख्या रक्ताच्या चार माणसांना तेव्हा इंजेक्शनं दिली, तर त्यातला जेमतेम एखादा बरा व्हायचा. पथ्य पाळलं तरी आणि काहीही केलं तरी."

मग धाकटीच्या तोंडून निघून गेलंच. "म्हणजे मोठे भाऊजी पीत नव्हते?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. "अगं ए!"

"नाही, म्हणजे मी कुठं म्हटलं तसं... सासूबाई म्हणायच्या..." ती लालबुंद झाली. मग पलंगावरून उतरून ड्रायव्हरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं हो माझं. मलाही तसंच वाटत होतं."

ड्रायव्हर हसला. कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. "आईला कळायला हवं होतं," एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला.

सगळे बाहेर पडले. जिन्यापर्यंत गेल्यावर थोरलीने पर्स आत राहिल्याचं निमित्त काढलं आणि ती एकटी परत आली. पर्स तिच्या काखेतच होती. डॉक्टरीणबाईंना ती दिसली, आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

थोरलीने दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, तीन नंबर, मटार, तळहातात वितळवलेली इंजेक्शनं. सांगताना ती डॉक्टरीणबाईंच्या सुटलेल्या नाडीकडे बघत होती, चेहऱ्याकडे बघायचा धीर नव्हता. "चाराला एखादा बरा व्हायचा म्हणालात ना," ती शेवटी म्हणाली. "तो एखादा हेच असते तर? मी घालवलं का ते?"

"हे कितव्या महिन्यात झालं?"

"चौथ्या. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट झाला होता."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला. "बसा आधी. मावशी, ज्यांना गुण यायचा त्यांचं पहिल्या दोनतीन महिन्यांतच कळायचं. तुमचे दीर महिन्यात साफ झाले. यांचा विषाणू तिसऱ्या महिन्यालासुद्धा जागचा हलला नव्हता म्हणा ना. खरं तर तेव्हाच थांबवायचं होतं, डॉक्टरांनी आशेपोटी पुढे रेटलं. तुम्ही गोठवलीत ती इंजेक्शनं वायाच गेली, त्यात वाद नाही. पण तोवर निकाल लागून गेला होता."

"नक्की?"

"शंभर टक्के नक्की असं डॉक्टर कधीच म्हणत नाहीत. पण माझ्या नवऱ्याचं असतं ना, तर आज मी गाढ झोपले असते."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांनी पडला, की आवाज होणारच. ती तिथेच ओंजळीत तोंड घालून हमसून रडली. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

घरी मात्र ती लगेच बोलली नाही. आधी माणूस बरा होऊ दे, मग त्याला काय राग धरायचा तो धरू दे, असं तिने ठरवलं. गोळ्या सुरू झाल्या. रोज एकच, ना ताप ना हुडहुडी. "ही गोळी हाकबिक मारत बसत नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "सरळ विषाणूच्याच मुळावर येते. तुमच्या रक्ताची ठेवण कशीही असो." ड्रायव्हरचा विश्वास नव्हता. इतक्या सुखाचं औषध कसं लागू पडेल, हा त्याचा सवाल होता. पण गोळ्या संपल्या, नंतरचे थांबायचे महिनेही गेले, आणि शेवटच्या तपासणीचा निकाल घ्यायला दोघं पुन्हा गेली.

"विषाणू नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेला. लिव्हरवरचे जुने वण राहतील, त्याची सोनोग्राफी अधूनमधून करत राहायची. पण काका, तुम्ही पास."

घरी येताना बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या सीटवर बसला होता. गाडी वळणावर आली की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. थोरली ते नेहमी बघायची. आज तिला ते बघवेना. सांगायचं तर आजच, असं तिने मनाशी धरलं.

घरी आल्यावर तिने ताटं वाढली आणि ती बसलीच नाही. "अहो, एक सांगायचंय," म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. मग टेबलाची कड धरून उभी राहिली.

ड्रायव्हरने उचललेला घास तसाच हातात राहिला.

"म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हाची गोष्ट," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हापासूनच तू भांडायची बंद झालीस."

"हो. कुठल्या तोंडाने भांडणार होते?"

"त्यामुळे?"

"मग आणखी कशामुळे?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "मला वाटलं होतं, मी मरणार आहे."

थोरलीला कळेना.

"अगं, दारात बूट काढले तर मला फाडून खाणारी तू. एकदम मऊ बोलायला लागलीस. मी काहीही म्हटलं तरी बरं म्हणायचीस. मी म्हटलं, संपलं. डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलंय. मरणाऱ्या माणसाशी कोण भांडतं? किती दिवस उरलेत ते विचारायचा धीर होत नव्हता. रोज संध्याकाळी घरी यायचो आणि वाटायचं, आज तरी ही ओरडेल. तू पाण्याचा तांब्या हातात द्यायचीस."

"म्हणून गाडी सोडलीत?" थोरलीने विचारलं. "तुम्ही तर दमणूक होते म्हणाला होतात."

"दमणूक होतीच. पण मागे पन्नास माणसं बसलेली असायची. वळणावर मला काही झालं असतं तर? मीच साहेबांकडे जाऊन खिडकीतली जागा मागून घेतली."

थोरली खुर्चीवर बसली. इंजेक्शनांनी नवऱ्याचं काही नेलं नव्हतं. तिच्या गोडव्याने त्याची गाडी नेली होती, आणि ती आता परत यायची नव्हती. पुढच्या वर्षी तो रिटायर होणार होता. तिला इतकं वाईट वाटलं की रडूसुद्धा येईना. मग त्या वाईट वाटण्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, जुनं, ओळखीचं, गरम.

"तोंड शिवलं होतं का तुमचं?" ती म्हणाली.

"काय?"

"तोंड! विचारता येत नव्हतं? अगं, मी मरणार आहे का, एवढे चार शब्द! अख्ख्या डेपोला गाड्या वाटता, आणि बायकोला एक प्रश्न विचारवत नाही?"

"मी विचारायचं?" ड्रायव्हरचाही आवाज चढला. "इंजेक्शनं गोठवलीस तू, लपवलंस तू, आणि विचारायचं मी?"

"मग काय नाचत सांगायचं होतं? तुमची आई एकीकडे, धाकटी एकीकडे..."

"माझी आई मध्ये आणू नकोस! मी पितो म्हणाली तेव्हा तू गप्प बसलीस. एक शब्द बोलली नाहीस!"

"चुकलंच माझं ते! शंभरदा चुकलं! पण तुम्ही तरी काय, उठून बाहेर गेलात! मरायचंय म्हणे! आणि मरायला टेकलेला माणूस दोनदोनदा भात घेतो होय? मला काय कळणार?"

"भात घेत होतो, कारण भाजी तोंडात घालवत नव्हती! डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तू बंदच केलंस. इतकी वर्षं अळणी खातोय!"

"मग बोलायचं होतं!"

"मरता मरता कशाला वाईटपणा घ्यायचा, म्हणून नाही बोललो!"

वरच्या मजल्यावरचा टीव्ही बारीक झाला. थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. समोरच्या आजी होत्या. या घरातून त्यांनी कित्येक वर्षांत मोठा आवाज ऐकला नव्हता, म्हातारी घाबरून गेली होती. ड्रायव्हरने दार उघडलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते.

"काय झालं रे बाबा? कुणाला काही झालं का? रिपोर्ट वाईट आला का?"

"नाही आजी," ड्रायव्हर म्हणाला. "रिपोर्ट चांगला आला. भांडतोय."

"कोण?"

"आम्हीच. नवरा-बायको."

त्याने दार अदबीने लावून घेतलं, परत येऊन खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बाह्या वर सारल्या.

"हं," तो म्हणाला. "मिठापर्यंत आलो होतो आपण. पुढं बोल."